चीवरावरची नावं

पुस्तकाचं अर्धंच पान वाचून मी गावाच्या सभेत बोललो, ही माझ्या आयुष्यातली पहिली मोठी चूक. पहिली म्हणतो, कारण तिच्यामागे रांगच लागली. ब्रह्मपुरीच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होतो. लायब्ररीतून एक पातळशी पुस्तिका आणली होती आणि गावाकडच्या जीपची वाट बघत स्टँडवर ती उघडली. तिच्यात लिहिलं होतं की भंते पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहतात तो वर्षावास; तो संपला की गाव भिक्खुसंघाला चीवर, म्हणजे अंगावर घ्यायचं वस्त्र, दान करतं, तेच कठीण चीवरदान; आणि त्या चीवराचं कापड ज्या दिवशी फाडायचं त्याच दिवशी शिवायचं, त्याच दिवशी रंगवायचं, त्याच दिवशी द्यायचं. एवढं वाचलं आणि जीप आली. मी मागे लटकलो, पुस्तिका पिशवीत गेली ती गेलीच. उरलेल्या अर्ध्या पानातल्या दोन गोष्टी इथेच सांगतो. एक, तयार चीवर दिलं तरी चालतं. दोन, चीवर मिळण्याआधी भिक्खूने त्याबद्दल चकार शब्द काढायचा नसतो; मागायचं नाही, सुचवायचं नाही, भुवईसुद्धा उडवायची नाही. या दोन गोष्टी मला वेळेवर कळल्या असत्या तर हे प्रकरण लिहायची वेळ आली नसती. आणि माझं लग्नही बहुधा दुसऱ्या कुणाशी झालं असतं.

आजोबा नागपूरहून दीक्षा घेऊन आले आणि घरातले देव टोपलीत भरून वैनगंगेत सोडून आले, असं माय सांगायची. देव गेले, त्यांच्यामागोमाग त्यांचे सण गेले, पण आम्हा पोरांची पोटं मात्र धर्मांतराला राजी नव्हती. दिवाळीत पलीकडच्या मोहल्ल्यातून तळणाचा वास यायला लागला की आम्ही भावंडं मायच्या भोवती तोंडं पाडून बसायचो. ती म्हणायची, “आपल्याले बारा पौर्णिमा आहेत, त्यायले एकच दिवाळी.” हिशोब बरोबर होता, पण आमच्या पौर्णिमेला तळण नव्हतं. पौर्णिमेच्या दिवशी माय नीळ घातलेलं पांढरं लुगडं नेसायची, दोन्ही फोटोंपुढे मेणबत्ती लावायची, आम्हाला रांगेत बसवून त्रिशरण-पंचशील म्हणून घ्यायची आणि मग गुळाची खीर. तिचा त्या दिवशी उपोसथ असायचा; दुपारी बारानंतर जेवायचं नाही. त्यामुळे बाराला पाच कमी असताना ती चुलीपुढे उभ्याउभ्याच भराभर घास घ्यायची आणि एक डोळा घड्याळावर. मी एकदा विचारलं, “माय, हा सण आहे का परीक्षा?” ती खिरीची पळी दाखवत म्हणाली, “परीक्षाच हाये. अन् तू नापास हायेस.”

बाबा शिंपीकाम करायचे. ओसरीवर त्यांची पायाची काळी मशीन, आणि तिची खडखड पहाटेपासून. पौर्णिमेला ती बंद. त्यामुळे आमच्या घरात सणाचा आवाज म्हणजे आवाज नसणं. सकाळी जाग यायची, कानाला काहीच लागायचं नाही आणि पोटात एकदम गुदगुल्या व्हायच्या : आज खीर! आता माझ्या मोबाईलवर पौर्णिमेच्या पहाटे पाचपासून शुभेच्छांची टिणटिण सुरू होते. त्यात कमळं असतात, फिरणारी चक्रं असतात, पण खिरीचा वास येत नाही.

तर त्या वर्षी पहिल्यांदाच आमच्या विहारात एक भंते वर्षावासाला राहिले. विहार म्हणजे पत्र्याचं छप्पर असलेली एक खोली, पुढे अंगण, आणि अंगणापलीकडे नजर पोचेल तिथपर्यंत धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. भंते म्हणजे उंच, शांत माणूस. बोलले की समोरच्याला आपण फार ओरडून बोलतो की काय असं वाटायचं. रोज एका घराकडे भोजनदानाची पाळी. सुरुवातीला कुणीतरी भंतेंना अंबाडीची भाजी आवडते असं सांगितलं आणि पुढचे अकरा दिवस अकरा घरांनी त्यांना अंबाडीच वाढली. त्यांनी अकराही दिवस ती मान खाली घालून खाल्ली. बाराव्या दिवशी मायने लाखोळीची डाळ केली, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला बुद्धत्वच म्हणायला पाहिजे.

आश्विनाची पौर्णिमा झाली, वर्षावास संपला, आणि चीवरदानाची सभा बसली. बौद्ध पंच कमिटीचे अध्यक्ष लहानूजी मधोमध. ते म्हणाले, “नागपूरहून तयार चीवर बोलावून घेऊ.” चीवराचा विषय निघाला तसे भंते उठले आणि बांधाच्या दिशेने फिरायला निघून गेले. आम्हाला वाटलं, पाय मोकळे करायला गेले. आणि मी उभा राहिलो. माझ्यासमोर बायकांच्या रांगेत शीला बसली होती. ती जवळच्याच गावची, वर्षावासात मदतीला म्हणून आपल्या मावशीकडे येऊन राहिली होती. आज ती माझी बायको आहे. तेव्हा मात्र तिला माझं नाव माहीत आहे की नाही याचीच मला रात्रंदिवस काळजी होती. मी घसा साफ केला आणि म्हणालो, “तयार चीवर म्हणजे नुसती खरेदी झाली जी. ग्रंथात लिहिलं आहे, एका दिवसात आपल्या हातानं कराचं.” ग्रंथ म्हणजे ते अर्धं पान.

लहानूजींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “ग्रंथात हाये?”

“हाये.”

“मंग झालं. नागपूर रद्द.” ते बाबांकडे वळले. “भाऊ, तुमची मशीन, तुमचा पोट्टा. येत्या रविवारी चार वाजता चार भंते येऊन राह्यले ब्रह्मपुरीहून. कठीण चीवराले पाच भिक्खू लागतेत. चार म्हणजे चार. नाई झालं तं तीन महिने आपल्या गावात राह्यलेला माणूस खाली हातानं जाईन, हे लक्षात ठेवजा.”

घरी जाताना बाबा एवढंच म्हणाले, “मी आजपर्यंत पायजामे शिवले, सुधाकर. चीवर कोणत्या बाजूनं सुरू होते ते तरी ग्रंथात हाये काय?”

सुदैवाने पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर चित्र होतं; त्यामुळे आतलं पान उघडायचं मला तेव्हाही सुचलं नाही. चीवर हे सलग कापड नसतं; लांब-आखूड तुकडे जोडून केलेलं असतं आणि मधल्या शिवणी उठून दिसतात. मगधातल्या भाताच्या शेतांकडे बोट दाखवून भगवंतांनी आनंदाला सांगितलं होतं म्हणे, असं शिव. रविवारी सकाळी वंदना झाली, पांढऱ्या मांजरपाटाचं ठाण अंगणात उलगडलं आणि बाबा कात्री हातात घेऊन नुसतेच उभे राहिले. चित्राकडे बघितलं, समोर पसरलेल्या बांध्यांकडे बघितलं, परत चित्राकडे बघितलं. मग एकदम हसले. “हे तं आपलं शिवार हाये बाप्पा!” आणि करकर कात्री चालायला लागली. लांब बांधी, आखूड बांधी, मध्ये धुरा, म्हणजे बांध. धानाला लोंब्या आलेल्या, वाऱ्यावर त्यांचा दुधाळ वास, आणि बाबांच्या मशीनची खडखड विहाराच्या अंगणात. सणाच्या दिवशी मशीनचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो. बायका तुकडे जुळवून देत होत्या. कुणी म्हणे, “ही बांधी माही.” कुणी म्हणे, “तुहा धुरा सरकला वो, माह्या वावरात आला.” ज्या दोन घरांचं खऱ्या धुऱ्यावरून तीन पावसाळे भांडण चालू होतं, ती दोन घरं चीवरावर एकाच शिवणीला दोन टोकांनी धरून बसली होती आणि खुदुखुदु हसत होती.

दहा वाजता चीवर शिवून तयार! लहानूजींनी मला हाक मारून पाठीवर थाप दिली. सारं असं सुरळीत चाललेलं बघून गावाला करमेना.

आमच्या भागात दानाचं भांडं नाव घातल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. विहारातली कढई, परात, बादली, कळशी, सगळ्यांवर नावं. तीन भावांनी मिळून पंखा दिला, त्याच्या तीन पात्यांवर तिघांची नावं. पण पंखा फिरला की एकही नाव वाचता येईना, म्हणून ते तिघे भर उन्हाळ्यातही प्रवचनाच्या आधी पंखा बंद करायला लावायचे. त्यामुळे लहानूजींनी चीवर हातात घेऊन उलटसुलट केलं आणि विचारलं, “नाव कुठी घालाचं?” तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही. मलाही नाही.

एवढ्यात भंते चंक्रमण करत, म्हणजे शांतपणे येरझाऱ्या घालत, तिथून निघाले. लहानूजींनी हात जोडले. “भंते, चीवरावर दान देणाऱ्याचं नाव घातलं तं चालते ना जी?”

भंते थांबले. त्यांनी चीवराकडे बघितलं नाही, कारण बघणंही एक प्रकारे सुचवणंच झालं असतं; पण हे मला फार पुढे समजलं. त्यांनी आभाळाकडे बघितलं आणि म्हणाले, “आज ऊन चांगलं पडलं आहे.”

“हो म्हणले!” लहानूजी आनंदाने ओरडले. “ऊन पडलं म्हणजे वाळून जाईन म्हणले!”

मग काय विचारता! आधी ठरलं, नुसतं ‘समस्त बौद्ध समाज’ घालायचं. त्यावर कुणीतरी म्हणालं, समस्तमध्ये आमचं घर कसं ओळखू येणार? शेवटी ठरलं की चीवराच्या चारी बाजूंच्या पट्टीवर प्रत्येक घराने आपापलं नाव घालायचं. मी शिकलेला, म्हणून मी पेन्सिलीने अक्षरं काढायची आणि घरच्या बाईने त्यावर दोरा भरायचा. सुती रीळ शिवणीतच संपलं होतं. बाबा पाणी प्यायला गेले होते; मी त्यांच्या डब्यातून दुसरं पांढरं रीळ काढून दिलं. पांढरा दोरा तो पांढरा दोरा. ही चूक क्रमांक दोन.

धानोऱ्याकडून बाबांचे जुने मित्र मंगरूभाऊ आले होते. ते गोंड, जंगलातला माल गोळा करणारे. बाबा त्यांच्या गावच्या बाजारात कपडे शिवायला बसायचे तेव्हापासूनची दोस्ती. त्यांनी गाठोडंभर वाळलेली पळसफुलं आणि ऐनाची साल आणली होती आणि विहारामागे मोठी कढई चढवून सकाळपासून ते रंग उकळत बसले होते. नावांची धामधूम बघायला ते जरा इकडे आले, कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि बाबांना म्हणाले, “आमी बी पेनाले कोंबडा देतो, भाऊ. पण कोंबड्यावर नाव नाई लिहित.” पेन म्हणजे त्यांचा देव. बाबा मोठ्याने हसले. लहानूजी हसले नाहीत. त्यांच्या नावाआधी ‘अध्यक्ष’ घालायचं का नंतर, यात ते गुंतले होते.

ते दृश्य मला अजून दिसतं. एवढं मोठं वस्त्र चटयांवर पसरलेलं आणि त्याच्या चारी कडांना बायका पापड लाटायला बसतात तशा दाटीवाटीने बसलेल्या, सुया चमचम करताहेत, मधूनच एखादी बोट टोचून “माय वो!” करते आणि सगळ्या हसतात. मी रांगत रांगत नावं लिहीत चाललो होतो. भागरथा आजीजवळ आलो. सत्तरीची बाई, आयुष्यभर अंगठा लावलेली. मी तिचं नाव लिहिलं. तिने विचारलं, “येवढंच हाये काय रे मी?” मी म्हटलं, एवढंच. ती त्या चार अक्षरांकडे बराच वेळ बघत राहिली आणि मग सुई धरून अशी हळूहळू भरत गेली की जणू लेकराला टाके घालते आहे.

शीलाजवळ पोचलो. ती मावशीचं नाव भरत होती. मी विचारलं, “तुमचं नाव कुठं लिहू?”

“माह्यं नाव नोको.”

“काऊन?”

“मी पाहुणी हावो. अन् देल्ल्यावर नाव कायले पायजे?” असं म्हणून तिने दाताने दोरा तोडला.

सगळ्या गावात एकट्या तिला कळलं होतं, आणि मला त्यात फक्त एवढंच कळलं की हिचं नाव घालायचं राहिलं. मी गेलो पलीकडच्या कोपऱ्यात, जिथे कुणी बसलं नव्हतं. पेन्सिलीने बारीक अक्षरांत लिहिलं, सुधाकर. शेजारी लिहिलं, शीला. आणि स्वतःच दोरा भरला. विचार केला, पांढऱ्यावर पांढरं, रंगात बुडालं की कुणाला दिसतं? आपल्यापुरतं राहील. चूक क्रमांक तीन. पण तिच्याबद्दल मी माफी मागणार नाही.

नावं पुरी व्हायला एक वाजला. मंगरूभाऊंनी चीवर कढईत सोडलं, लाकडाने वरखाली केलं, काढलं, पुन्हा सोडलं. मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. करायला काही नव्हतं म्हणून पिशवीतून पुस्तिका काढली आणि उरलेलं अर्धं पान वाचलं.

मला वाटतं माणसाचा चेहरा पांढरा पडतो म्हणजे काय ते मंगरूभाऊंनी त्या दिवशी बघितलं. ते म्हणाले, “काय झालं बाबू? कोनी मेलं काय?” मी काही बोलणार तोवर त्यांनी चीवर उचलून दोरीवर टाकलं. अंगणातून एकच आरोळी उठली.

रंग देखणा आला होता, फुललेल्या पळसासारखा, जरा तांबूस. आणि त्या तांबूस पट्टीवर चारी बाजूंनी गावाची नावं पांढरीशुभ्र, दिव्यांच्या माळेसारखी झळकत होती! बाबा धावत आले, त्यांनी दोरा नखाने खरवडला आणि माझ्याकडे बघितलं. “हे पँटीचं टेरीलीनचं रीळ हाये. हे रंग नाई धरत. कोनं देल्लं?” सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. पलीकडच्या कोपऱ्यात, पाठमोऱ्या बाजूला, सुधाकर आणि शीलाही झळकत होते. वाऱ्याने ती बाजू अजून वळली नव्हती, एवढंच.

काही जणांना मात्र मनातून आनंद झाला. लहानूजी लांबून डोळे बारीक करून म्हणाले, “असं काही वाईट नाई दिसून राह्यलं. ‘अध्यक्ष’ तं साफच वाचता येते.”

मग मला बोलावंच लागलं. मी ओट्यावर उभा राहिलो आणि अडखळत उरलेलं अर्धं पान वाचून दाखवलं. तयार चीवर चाललं असतं. भंतेंना चीवराबद्दल काही बोलता येत नाही. सकाळी ते ‘ऊन पडलं’ म्हणाले त्याचा अर्थ ऊन पडलं एवढाच होता. आणि हे दान कुणा एकाचं नसतं, एकाला नसतं. गावाचं असतं, संघाला असतं. शेवटी म्हणालो, “माह्यामुळं झालं. मी अर्धंच वाचलं होतं.” शब्द संपले तरी मी पुस्तक तोंडापुढून खाली घेईना.

अडीच वाजून गेले होते. मायच्या डोळ्यांत पाणी होतं. तीन महिने ज्याला जेवू घातलं त्याला आता ही पाटी पांघरायला द्यायची? लहानूजींनी तोंड उघडलं, ते नक्की माझ्या खानदानाबद्दल काही बोलणार होते. तेवढ्यात भागरथा आजी काठी टेकत दोरीजवळ गेली.

“सुधाकर, माह्यं नाव कोनतं? दाखव.”

मी दाखवलं. तिने त्यावरून बोट फिरवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग हात पुढे केला. “दे पत्ती.” बाबांनी ब्लेड दिलं. तिने पहिला टाका तोडला आणि म्हणाली, “पाहून झालं ना माह्यं. आता कायले?”

त्यानंतर जे झालं तो माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा सण! अख्खं गाव ब्लेड, सुया, कात्र्या, विळ्याची टोकं घेऊन त्या ओल्या चीवरावर तुटून पडलं. आपलं नाव आपण उसवायचं. हसण्याने कुणाला नीट उसवता येईना. “हळू वो, बांधी फाडशील!” “माह्या नवऱ्याचं नाव मी घेत नाई, तूच काढ.” “लहानूजी, तुमचं लांब हाये, तुमी आत्ताच सुरू करा!” लहानूजी मांडी घालून बसले होते, चष्मा नाकाच्या टोकावर, आणि पुटपुटत होते, “नाव निघालं गा, हे ‘अध्यक्ष’च नाई निघून राह्यलं.” बाया लोळायच्या बाकी होत्या. पंखावाले तिन्ही भाऊ एकमेकांचं नाव उसवत होते, कारण आपलं आपल्याच्याने होत नाही म्हणे.

मी लोकांच्या पायांमधून वाट काढत माझ्या कोपऱ्याकडे झेपावलो. शीला तिथे आधीच बसलेली होती. चीवराचा कोपरा तिने मांडीवर घेतला होता आणि दोन्ही नावं आपल्या हाताखाली झाकली होती. मी म्हणालो, “ते मी... म्हणजे ते...”

“दोरा धरा,” ती म्हणाली. वर बघितलं नाही.

मी दोरा धरला. ती टाका तोडायची, मी ओढायचो. आधी माझं नाव गेलं, मग तिचं. पलीकडून तिची मावशी ओरडली, “तिथी कोनाचं नाव हाये वो शीले?”

“कोनाचं नाई मावशी. वेलबुट्टी होती.”

माझे कान पळसापेक्षा तांबडे झाले असतील. नावं निघाली, पण दोऱ्याखाली कापड कोरं राहिलं होतं. मंगरूभाऊंनी चीवर पुन्हा एकदा कढईत बुडवलं, आणि ते बाहेर येतं न येतं तोच रस्त्यावर जीपचा हॉर्न वाजला.

वाळवायला वेळच नव्हता. आम्ही ते तसंच ओलं, वाफाळतं, चारी बाजूंनी धरून मिरवत विहारात नेलं. ज्याला कड सापडली त्याने कड धरली, ज्याला नाही त्याने धरणाऱ्याचा हात धरला. सगळे जण पांढऱ्या कपड्यांत. सगळ्यांच्या तळहातांना रंग, लहानूजींच्या धोतरावर रंग, मायच्या लुगड्यावर रंग, ‘साधु साधु साधु’ म्हणायला हात जोडले तर कपाळालाही रंग. आलेले चार भंते आमच्याकडे टकमक बघत होते. पाच जणांनी विधी केला, आपापसांत विचारलं, आणि चीवर दिलं ते पाहुण्या भंतेंपैकी सर्वांत वृद्ध असलेल्या भंतेंना; त्यांचं चीवर खांद्यावर पार विरलं होतं.

माय माझ्या कानाशी पुटपुटली, “आपल्या भंतेले नाई भेटलं?” तिच्या आवाजात रडू होतं. पण आमचे भंते सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मोठ्याने साधु म्हणाले. तीन महिन्यांत त्यांचा तेवढा मोठा आवाज आम्ही ऐकला नव्हता. मायने त्यांच्याकडे बघितलं, नाक ओढलं, आणि मग तीही म्हणाली.

आता त्यांना बोलायला मोकळीक होती. लहानूजींनी विचारलंच, “भंते, सकाळी इशारा तरी कराचा होता जी!” भंते हसले, म्हणाले, “सकाळपासून बारा वेळा उन्हाबद्दल बोललो. याहून जास्त उन्हाबद्दल काय बोलणार?” सगळा विहार खदखदला. मग ते म्हणाले, “पंचशील आपण रोजच म्हणतो. मग पौर्णिमा कशाला, वर्षावास कशाला, हे आजचं कशाला? रोज म्हणतो आणि रोज विसरतो, म्हणून. सण म्हणजे विसरलेलं सगळ्यांनी मिळून आठवायचा दिवस. आज तुम्ही दान दिलं ते सकाळी नाही, अडीच वाजता दिलं.” प्रवचन एवढंच. त्यानंतर खीर होती. भंतेंचं जेवण बाराच्या आत झालेलं, त्यामुळे खीर आम्हालाच संपवावी लागली. हे काम मी अर्धवट केलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शीला आपल्या गावाला परत निघाली. मावशीने मलाच पिशवी धरून जीपपर्यंत पोचवायला पाठवलं. मावशी वेलबुट्टीवर विश्वास ठेवणारी बाई नव्हती, हे मला नंतर समजलं. तिच्या बोटांना अजून रंग होता, माझ्याही. जीप आली, ती आत बसली, मी पिशवी दिली आणि कसाबसा म्हणालो, “तुमी नाव नको म्हटलं होतं. तरी मी घातलं. माफ करा.”

जीप सुरू झाली. तिने पिशवी मांडीवर ठेवली, पदर सावरला आणि सगळ्या जीपला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “नोको म्हटलं होतं ते चीवरावर. लग्नाच्या पत्रिकेवर नोको म्हटलं काय मी?”